कंत्राट संपले, मजुरी संपत नाही



स्टेशनच्या सफाईचा ठेका महिनाअखेरीस बदलतो. एक तारखेला नव्या ठेकेदाराच्या नावाची जाकिटे येतात. फलाट तोच, झाडू तोच आणि झाडू मारणारे हातही तेच. पण मागच्या दोन महिन्यांची मजुरी कुठे आहे, असे त्या हातांनी विचारले की तीन तऱ्हेची उत्तरे मिळतात. जुना ठेकेदार फोनच उचलत नाही. नवा ठेकेदार म्हणतो, मागचे मला ठाऊक नाही. आणि साहेब म्हणतात, हा तुमचा आणि ठेकेदाराचा आपसातला मामला आहे, प्रशासनाचा त्याच्याशी संबंध नाही. चार दिवस हेलपाटे घालून कामगार गप्प बसतो. फार बोलावे तर नव्या ठेकेदाराकडची हजेरीही जायची, ही धास्ती त्याच्या पोटात असते.

रेल्वेत हे सफाईपुरते नाही. गाडीतल्या चादरी-कांबळी वाटणारे, पार्सल चढवणारे-उतरवणारे, लाइनीवर ठेकेदाराच्या हाताखाली खडी भरणारे, सगळ्यांची हीच कहाणी आहे. पोस्टातही वेगळे नाही. मेल मोटारीवर पिशव्या चढवणारे, आर.एम.एस.मध्ये गर्दीच्या दिवसांत घेतलेले रोजंदार, ऑफिसात पाणी भरणारा आणि झाडलोट करणारा अर्धवेळ माणूस, रजेवर गेलेल्या डाकसेवकाच्या जागी राबणारा बदली कामगार, यांपैकी कोणाची ना कोणाची मजुरी कुठे ना कुठे अडकलेली असते.

वर सांगितलेल्या तीन उत्तरांपैकी एकही उत्तर कायद्याला धरून नाही. केलेल्या कामाची मजुरी हे मालकाच्या डोक्यावरचे कर्ज आहे. कंत्राट संपले, कामगाराने काम सोडले, त्याला काढून टाकले किंवा ठेकेदाराने गाशा गुंडाळला, म्हणून ते कर्ज फिटत नाही. हे कर्ज वसूल करण्याची वाट कायद्यात आहे आणि ती पूर्वीपेक्षा काही बाबतींत रुंदही झाली आहे. मात्र कायदा आपल्या पायांनी चालत येत नाही. त्याला कागद लागतो, साक्ष लागते आणि पाठीशी उभा राहणारा माणूस लागतो. तो माणूस कोण असावा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

थोडे मागे वळून पाहू. मजुरी वेळेवर आणि पुरी मिळावी यासाठी या देशात कायदा झाला तो १९३६ साली. मजुरी महिनोन्महिने थकवणे, मनमानी दंड कापणे, या गोष्टी त्या काळी इतक्या बोकाळल्या होत्या की १९२९ साली नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगालाही त्यांची दखल घ्यावी लागली. २८ मार्च १९३७ पासून वेतन प्रदान कायदा लागू झाला. तो सुरुवातीपासून कारखान्यांना लागू होता आणि रेल्वेलाही लागू होता. रेल्वेचे काम ठेकेदाराकडून करून घेतले जात असेल तर त्या ठेकेदाराचा मजूरही त्यात होता. म्हणजे ‘रेल्वेचा संबंध नाही’ हे वाक्य आज चुकीचे आहे आणि १९३७ सालीही चुकीचेच होते.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेच्या नव्या लाइनी, रुंदीकरण, पूल, यार्ड ही सारी कामे लाखो कॅज्युअल मजुरांच्या पाठीवर झाली. काम संपले की त्यांना घरी पाठवायचे, दुसरे काम निघाले की पुन्हा बोलवायचे, अशी रीत होती. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपाच्या मागण्यांत आठ तासांचे काम आणि बोनस यांच्याबरोबर कॅज्युअल कामगारांना कायम करा ही मागणीही होती, हे आजच्या तरुण सभासदांनी ध्यानात ठेवावे. पुढे १९८५ साली इंदरपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पांवरच्या कॅज्युअल मजुरांची योजना मान्य केली आणि ३६० दिवस सलग काम केलेल्यांना अस्थायी दर्जाचा मार्ग मोकळा झाला. पोस्ट आणि तार खात्यातल्या रोजंदार कामगारांना १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानेच नियमित कामगाराच्या किमान वेतनश्रेणीइतकी मजुरी मिळवून दिली. त्यातूनच पुढे पोस्ट खात्याची १९९१ सालची अस्थायी दर्जाची योजना आली.

या विजयांचा अभिमान आहेच. पण त्यात एक कडू धडाही आहे. १९८१ पूर्वी कमी केलेल्या रेल्वे मजुरांना आपले दावे ३१ मार्च १९८७ पर्यंत प्रशासनाकडे द्यायचे होते. ज्यांनी आपले कॅज्युअल लेबर कार्ड पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते, ज्यांच्या अंगठ्याची निशाणी रजिस्टरात सापडली आणि ज्यांना कोणीतरी वेळेवर तारीख सांगितली, त्यांचा दावा उभा राहिला. ज्याचे कार्ड पावसात भिजले, मुकादमाने ठेवून घेतले किंवा जो गावी निघून गेला होता, त्याला आपण राबलो होतो हे सिद्ध करणे जड गेले. घाम दोघांनीही सारखाच गाळला होता. फरक होता तो कागदाचा आणि खबर देणाऱ्या माणसाचा.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही कामगार संहिता अमलात आणल्या. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा यांची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली. या संहितांना देशभरातल्या कामगार संघटनांनी विरोध केला. कामावरून कमी करण्याच्या तरतुदी, संपावरचे निर्बंध, कंत्राटी कामगारांच्या कायद्यासाठी वीसच्या ऐवजी पन्नास कामगारांची अट, यांवरचे आक्षेप खरे आहेत आणि तो लढा चालूच राहील. पण ज्याची मजुरी आज थकली आहे त्याला लढा संपेपर्यंत थांब असे सांगता येत नाही. हाती जे हत्यार आहे ते वापरलेच पाहिजे. म्हणून वेतन संहितेतल्या चार-पाच गोष्टी प्रत्येक शाखा चिटणीसाला तोंडपाठ हव्यात.

पहिली गोष्ट मुदतीची. कलम १७ प्रमाणे रोजाने घेतलेल्या मजुराची मजुरी पाळी संपताच द्यायची आहे, आठवड्याच्या बोलीवरची आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि महिन्याची पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत. कामगाराला काढले, कमी केले, त्याने राजीनामा दिला किंवा आस्थापना बंद झाली, तर त्याची सारी मजुरी दोन कामाच्या दिवसांत हातात पडली पाहिजे. ‘तू मध्येच सोडून गेलास, आता पैसे मिळणार नाहीत’ असे म्हणणाऱ्या ठेकेदाराला हे कलम दाखवावे. राजीनाम्याचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे.

दुसरी गोष्ट, पैसे कोणी द्यायचे. कलम ४३ म्हणते की मालकाने मजुरी दिली नाही, तर ज्या आस्थापनेत कामगार राबला त्या आस्थापनेच्या धन्यावर ती जबाबदारी येते. याशिवाय कामाच्या सुरक्षिततेच्या संहितेतही, जिथे पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार आहेत तिथे, ठेकेदाराने हात वर केले तर मुख्य मालकाने पूर्ण किंवा राहिलेली मजुरी द्यावी आणि ती ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यावी असे कलम ५५ मध्ये आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही मुख्य मालकावर हा भार होताच. तेव्हा साहेबांचे ते तिसरे उत्तर पन्नास वर्षांहून जुने असले तरी खोटेच आहे.

तिसरी गोष्ट, दावा करण्याची मुदत. जुन्या वेतन प्रदान कायद्यात ती बारा महिने होती आणि किमान वेतनाच्या फरकासाठी सहाच महिने. गावी गेलेला मजूर परत येईपर्यंत ती संपून जाई. आता कलम ४५ प्रमाणे दावा उत्पन्न झाल्यापासून तीन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, आणि उशिराला सबळ कारण असेल तर त्यानंतरही तो दाखल करून घेण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. ज्यांची बाकी २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीची आहे त्यांनी मात्र तीन वर्षांच्या भरवशावर राहू नये. एक दिवसही न दवडता, उशिराचे कारण लिहून, अर्ज करावा.

चौथी गोष्ट, किती मिळेल. अधिकारी थकलेल्या मजुरीखेरीज दावा मान्य झालेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतात. एक हिशोब मांडून पाहू. १ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबई-पुण्यासारख्या अ वर्गातल्या शहरांत केंद्राच्या अखत्यारीतल्या सफाई, बांधकाम, चढ-उतार या कामांसाठी अकुशल कामगाराचा किमान दर दिवसाला ७८३ रुपये ठरला होता. महागाईप्रमाणे हे आकडे एप्रिल आणि ऑक्टोबर असे वर्षातून दोनदा बदलतात, चालू आकडा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावा. २६ दिवसांचे ७८३ प्रमाणे २०,३५८ रुपये होतात. त्याच्या दहा पटी म्हणजे दोन लाखांच्या वर. अर्थात ‘दहा पटींपर्यंत’ याचा अर्थ दहा पटी मिळतीलच असा नाही, आणि कोणी तसे आमिष कामगाराला दाखवू नये. पण मजुरी दाबून ठेवणे हा फायद्याचा धंदा राहू नये म्हणून ही तरतूद आहे आणि अर्जात ती मागितलीच पाहिजे. दावा तीन महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा असेही कलम सांगते. निकालानंतरही मालकाने पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते.

पाचवी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. कलम ५९ प्रमाणे मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. ‘मला पैसे मिळाले नाहीत’ हे मजुराने सिद्ध करायचे नाही, ‘मी दिले’ हे मालकाने कागदानिशी दाखवायचे आहे. ही मोठी सवलत आहे. पण तिच्यात एक खाच आहे आणि ती समजून घेतली नाही तर दावे पडतील. मजुरी दिली की नाही हा वाद सुरू होण्याआधी ठेकेदाराचा वकील निराळाच वाद घालतो. तो म्हणतो, हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता. कामावर होतो एवढे तरी कामगाराला दाखवावेच लागते. मस्टर ठेकेदाराच्या ताब्यात, ओळखपत्र ठेका संपताच काढून घेतलेले, मग तो दाखवणार काय?

आमच्या विभागातली २०२३ सालची एक हकीकत सांगतो. एका मोठ्या स्टेशनवर सफाईचा ठेका संपला आणि चौदा कामगारांची दोन महिन्यांची मजुरी बुडाली. नवा ठेका सुरू झाला होता, पण जुन्या ठेकेदाराचे शेवटचे बिल अजून निघाले नव्हते. युनियनने विभागीय कार्यालयाला आणि लेखा शाखेला पत्र दिले की या कामगारांची मजुरी बाकी आहे, कायद्याप्रमाणे मुख्य मालक म्हणून जबाबदारी प्रशासनाची आहे, सबब ती दिल्याखेरीज बिल आणि अनामत सोडू नये. पत्राची एक प्रत केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला पाठवली. जो ठेकेदार महिनाभर फोन उचलत नव्हता, तो चौथ्या दिवशी स्वतः युनियन ऑफिसच्या पायऱ्या चढून आला.

चौदांपैकी अकराजणांना पैसे मिळाले. तिघांना मिळाले नाहीत. त्यांत दोन भगिनी होत्या. त्यांच्या नावाने बँकेत कधी पैसे जमा झाले नव्हते, हातात रोख देत असत. ठेकेदाराने त्यांना ओळखायलाच नकार दिला. त्या दोघींना सहा महिने रोज फलाटावर पाहणारे आपले कायम कर्मचारी त्या स्टेशनवर होते. पाळीला त्यांच्याबरोबर चहा घेणारेही होते. पण ‘लेखी मागू नका, आपल्याला कशाला नसती झंझट’ असे म्हणून एकानेही दोन ओळी लिहून दिल्या नाहीत. कायद्यात त्या दोघींसाठी जागा होती, पण आपल्या माणसांनी साक्ष दिली नाही म्हणून त्यांची मजुरी गेली.

म्हणून लेखाच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. कॅज्युअल आणि कंत्राटी कामगाराची मजुरी वसूल होण्यासाठी जो माणूस हवा आहे तो आपणच आहोत. ज्याची नोकरी पक्की आहे, ज्याला दोन ओळी लिहिल्याबद्दल कोणी घरी पाठवू शकत नाही, तोच निर्भयपणे साक्ष देऊ शकतो. बिचारा कंत्राटी कामगार जुन्या मालकाविरुद्ध तोंड उघडायला घाबरतो, कारण नवा मालक जुन्याचा भाऊबंद असतो, निदान त्याच्या ओळखीचा तरी असतोच.

यावर काही सभासद म्हणतील, आपली संघटना कायम कामगारांची. त्यांच्या वर्गणीवर ती चालते. आपल्याच बदल्या, बढत्या, क्वार्टर आणि पेन्शनचे प्रश्न ढीगभर पडले असताना ठेकेदाराच्या माणसांची उठाठेव कशाला? हा प्रश्न अप्रामाणिक नाही, त्याचे नीट उत्तर दिले पाहिजे.

ठेका कसा मिळतो ते पाहा. निविदेत जो कमी दर भरील त्याला काम. मजुरीचा किमान दर तर सगळ्यांना सारखाच, मग एखादा इतका कमी दर कसा भरू शकतो? कारण शेवटच्या दोन महिन्यांची मजुरी आपण देणार नाही, किंवा बँकेत जमा केलेल्या मजुरीतून काही हजार रोख परत घेऊ, हे त्याने आधीच मनात धरलेले असते. मजुराचे ए.टी.एम. कार्ड ठेकेदाराच्या मुकादमाच्या खिशात, अशा तक्रारी युनियन ऑफिसात नव्या नाहीत. बुडवलेली मजुरी ही पुढच्या स्वस्त निविदेची भांडवल-रक्कम असते. आणि ती स्वस्त निविदा दाखवूनच आपली पदे गोठवली जातात, ‘हे काम बाहेरून इतक्या कमी पैशांत होते’ असे फायलीवर लिहिले जाते. म्हणजे त्या भगिनींची बुडालेली मजुरी आपल्या मुलाच्या भरतीच्या आड येते. ठेकेदाराला पुरी मजुरी द्यावी लागली, तर कंत्राटाचा स्वस्ताईचा देखावा आपोआप गळून पडेल. आपल्या मागण्यांचा आणि त्यांच्या मजुरीचा संबंध असा आहे.

दुसरे उत्तर माणुसकीचे आहे आणि संविधानाचेही. दिल्लीत १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधकामावर राबणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करून घेणे हीच वेठबिगारी आणि संविधानाच्या २३ व्या कलमाने ती मना आहे. कमी मजुरी ही वेठबिगारी, तर मुळीच न दिलेली मजुरी काय म्हणावी? २००६ च्या उमादेवी निकालानंतर हंगामी कामगाराला नोकरीत कायम होण्याची वाट फार अरुंद झाली हे खरे. पण कायम होण्याचा हक्क आणि केलेल्या कामाच्या मजुरीचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर वाद होऊ शकतो, दुसऱ्यावर नाही. पहिले मिळत नाही म्हणून दुसऱ्यावरही पाणी सोडणे शहाणपणाचे नाही.

ठेकेदाराचीही एक बाजू असते, तीही ऐकून घेऊ. लहान ठेकेदार सांगतो, माझेच बिल प्रशासनाकडे चार महिने अडकले आहे, मी मजुरी कुठून देऊ? कधी कधी हे खरे असते. पण बिल निघेपर्यंत मजुरी थांबवावी असे कायद्यात कुठेही नाही, आणि मजुराच्या घरची चूल बिलाची वाट पाहत नाही. अशा वेळी युनियनने बिल लवकर काढण्यासाठीही प्रशासनाकडे जरूर तगादा लावावा. प्रशासनाचा उशीर मजुराच्या ताटातून वसूल होता कामा नये.

आता प्रत्यक्ष करायचे काय? भुसावळ असो, इटारसी असो, नागपूर, सोलापूर, हुबळी किंवा सिकंदराबाद असो, जिथे जिथे आपले मराठी सभासद रेल्वेत आणि पोस्टात आहेत, तिथे पुढील गोष्टी विनाखर्च होऊ शकतात.

प्रत्येक शाखेने एक साधी वही घालावी. आपल्या स्टेशनवर, डेपोत, आर.एम.एस. ऑफिसात कोणते ठेके चालू आहेत, ठेकेदार कोण, ठेका कोणत्या तारखेला संपतो आणि त्यावर कोण कोण कामगार आहेत, एवढे तिच्यात असावे. ही माहिती गुप्त नाही. पाळीवरचा माणूस पंधरा मिनिटांत ती गोळा करू शकतो. ठेका संपण्याच्या महिनाभर आधी वही उघडावी आणि कोणाची मजुरी बाकी आहे ते विचारावे. कारण वसुलीची खरी वेळ शेवटचे बिल आणि अनामत सुटण्यापूर्वीची असते. ते पैसे प्रशासनाच्या हातात असतात तोवर ठेकेदार आपणहून दारात येतो, ते सुटले की त्याच्या मागे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

कामगाराला आपले कागद जपायला शिकवावे. ओळखपत्र परत करण्यापूर्वी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. बँकेच्या पासबुकात नोंदी भरून घ्याव्यात. एक महिन्याची जरी मजुरी त्या ठेकेदाराच्या खात्यातून आली असेल तरी ‘कामावर नव्हता’ हा बचाव ढिला पडतो. रोज कामावर आलेली तारीख आणि पाळी छोट्या डायरीत लिहावी, अक्षर येत नसेल तर घरच्या मुलाने लिहावी. रेल्वेने १ ऑक्टोबर २०१८ पासून ‘श्रमिक कल्याण’ पोर्टल सुरू केले आहे. ठेकेदाराने त्यावर कामगारांची नावे आणि दिलेल्या मजुरीचा तपशील भरायचा असतो. पैसे न देताच ते दिल्याचे त्याने भरले असेल, तरी हा माणूस आपल्याकडे कामाला होता हे त्याने स्वतःच कबूल केलेले असते. पोस्टात रोजंदाराला ए.सी.जी.-१७ च्या पावतीवर पैसे दिले असतील तर त्या पावत्यांच्या तारखा आणि रकमा टिपून ठेवाव्यात. अर्ज करताना त्याच कागदाकडे बोट दाखवता येते.

कायम कर्मचाऱ्याने साक्ष लिहून द्यावी. ‘अमुक व्यक्तीला मी अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत या ठिकाणी काम करताना पाहिले आहे’, इतके वाक्य, खाली सही, हुद्दा आणि तारीख. यात कोणावर आरोप नाही, गुपिताचा भंग नाही, फक्त डोळ्यांनी पाहिलेले सत्य आहे. अशी साक्ष देणाऱ्या सभासदाला कोणी त्रास दिला तर त्याच्या पाठीशी उभे राहणे हे युनियनचे काम आहे, आणि शाखेने ते आधीच ठराव करून जाहीर करावे.

अर्ज कोणी करायचा? कामगार स्वतः करू शकतो, निरीक्षक करू शकतो, आणि ज्या नोंदणीकृत युनियनचा तो सभासद आहे ती युनियनही करू शकते. कितीही कामगारांसाठी एकच अर्ज चालतो. गावी गेलेल्याला आणि घाबरलेल्याला याचा मोठा आधार आहे. एकटा मजूर मालकासमोर उभा राहत नाही, पण चाळीसजणांचा अर्ज युनियनच्या सहीने गेला की भीती निम्मी होते. मात्र त्यासाठी तो युनियनचा सभासद असावा लागतो. ज्या युनियनच्या घटनेत कंत्राटी कामगाराला सभासद करून घेण्याची सोय नाही, तिने ती करावी, अथवा त्याला संघटित करणाऱ्या दुसऱ्या युनियनशी हात मिळवावा. हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर यायला हवा.

अर्ज कुठे करायचा, याबद्दलही घोळ होतो. रेल्वे आणि पोस्ट यांच्याबाबत समुचित सरकार म्हणजे केंद्र सरकार, आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या ठेकेदारालाही तेच लागू. म्हणून दाद केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे मागायची, राज्याच्या कामगार कार्यालयाकडे नाही. चुकीच्या दारात सहा महिने गेलेली प्रकरणे कमी नाहीत. उलट आपल्या घरातला मुलगा किंवा भाऊ एखाद्या खाजगी कारखान्यात वा दुकानात रोजंदारीवर होता आणि त्याची मजुरी बुडाली असेल, तर त्याने राज्याच्या कामगार खात्याकडे जावे. कायदा तोच, तीन वर्षांची मुदत तीच, दार तेवढे निराळे. अर्जाचा नमुना त्या कार्यालयातूनच विचारून घ्यावा. अर्जाची पोच शिक्क्यानिशी घेतल्याशिवाय तिथून हलू नये.

बंधू-भगिनींनो, यात कुठेही मोर्चाची, निधीची किंवा मोठ्या वकिलाची गरज नाही. एक वही, वेळेवर लिहिलेले एक पत्र आणि दोन ओळींची साक्ष एवढेच लागते. त्या स्टेशनवरच्या तिघांना हे मिळाले नाही म्हणून त्यांची दोन महिन्यांची मजुरी बुडाली. आपल्यापैकी कित्येकांचे वडील कॅज्युअल मजूर म्हणून रेल्वेत आले आणि कोणीतरी त्यांचे कार्ड, त्यांची हजेरी, त्यांचा दावा जपला म्हणून कायम झाले. आपल्याला आज क्वार्टर आहे, पास आहे, महिन्याच्या महिन्याला पगार आहे, तो त्याच जपणुकीतून आलेला आहे.

येत्या महिनाअखेरीस तुमच्या स्टेशनवर किंवा तुमच्या ऑफिसात एखादा ठेका संपत असेल. पाळी संपवून घरी जाण्यापूर्वी त्या ठेक्यावरच्या माणसांना एवढेच विचारा : तुमचे सगळे पैसे मिळाले का? उत्तर ‘नाही’ आले, तर नाव वहीत लिहा आणि दुसऱ्याच दिवशी शाखेत या.